अवस वगळून

“अवसेचा दिवस आपला न्हवं. तेवढा काढून टाक, मग हिशोब कर.”

गेल्या श्रावणात सासऱ्यांनी सांगितलेलं हे वाक्य संयोगिताला आज सकाळपासून उगाच आठवत होतं. उगाचच, कारण अजून तसं काही झालं नव्हतं. माघातली अवस होती. पहाटे तुळशीला पाणी घालून, जपाची माळ पुरी करून तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं. दर अवसेला उजाडल्यापासून ते संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत ती मौन धरी. लग्न होऊन कडेगावात आली तेव्हा सासूबाईंनी, शालूबाईंनी, ओटी भरावी तसं हे व्रत तिच्या पदरात घातलं होतं. नवरा फौजेत होता तोवर त्यांनी ते पाळलं; आता मुलगा जयराज फौजेत, म्हणून सुनेनं पाळायचं. बोलायचं नाही, लिहूनही काही सांगायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, असं शालूबाईंचं म्हणणं. मान हलवली तर चालत होती. एवढी सवलत त्यांनी आपल्या सासूकडून भांडून मिळवलेली होती.

जयराज या घडीला वर बर्फात कुठंतरी होता. ‘आठवडाभर फोन लागायचा नाही, काळजी करू नको’ असं सांगून गेला होता, आणि तो आठवडा केव्हाच उलटून गेला होता. घरात कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं. पण फोन वाजला की शालूबाईंच्या हातातली परात थांबायची, हे संयोगिता पाहत होती.

सासरे लालासाहेब निवृत्त सुभेदार. घरातली सगळी त्यांना आबा म्हणत. पेन्शनीत आल्यावर टेंभू योजनेचं पाणी रानात आलं, उसाचं बरं चाललं, आणि माणसाच्या हाताला काम उरलं नाही. मग आबांना शेअरबाजाराचा नाद लागला. नाद म्हटलं की ते चिडायचे. “नाद न्हवं, शिस्त,” म्हणायचे. गावातले आणखी काही निवृत्त फौजी सकाळी त्यांच्या ओट्यावर जमत. आबा सांगतील ते घेत, आबा सांगतील तेव्हा विकत. सुभेदारानं हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी ‘जी सर’ म्हणायचं, ही सवय पेन्शनीनं थोडीच जाते!

आबांचा नियम साधा होता. मोठ्या कंपन्यांपैकी ज्या गेल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त वर गेल्या, त्यांचे शेअर घ्यायचे. महिन्याच्या महिन्याला यादी बघायची, मागं पडलेले काढायचे, पुढं आलेले घ्यायचे. आणि अवसेला कशालाही हात लावायचा नाही.

“ह्ये बरोबर हाय का न्हाई, तेवढं तुझ्या त्या मशिनीवर बघ,” आबा श्रावणात म्हणाले होते. “पंधरा वर्सं मागं जा. समज, तवापास्नं आपण ह्येच करत आलोय. काय झालं असतं?”

संयोगितानं सांगलीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि पुण्याच्या एका कंपनीची आकडेमोडीची कामं ती घरी बसून करत असे. आबांनी तोवर तिच्याकडे चहाशिवाय काही मागितलं नव्हतं. तिला फार आनंद झाला. जुन्या वर्षांचे रोजचे, बाजार बंद होतानाचे भाव तिनं उतरवून घेतले आणि पायथन नावाच्या संगणकी भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. आजच्या भावाला कालच्या भावानं भागलं की त्या दिवसाचा चढ किंवा उतार निघतो. अशा एकेक दिवसाला पुढच्या दिवसानं गुणत गेलं की पंधरा वर्षांपूर्वीच्या शंभर रुपयांचं आज काय झालं ते कळतं. राहता राहिली अवस. तिनं माळ्यावरची जुनी कॅलेंडरं काढली, नेटवरून उरलेली वर्षं जमवली, आणि सगळ्या अवसा एका यादीत घातल्या. जिथं अवस एका दुपारी लागून दुसऱ्या दुपारी सुटत होती तिथं दोन्ही दिवस घेतले. आणि मग प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली: या तारखा काढून टाक.

परतावा चांगला निघाला. पण आबांनी धरून ठेवला तो दुसराच आकडा.

“सगळ्यात वंगाळ महिना कुठला? त्यात किती गेलं?”

“शंभरातले चौदा, आबा. पंधरा वर्षांत त्याहून वाईट महिना नाही.”

ते ‘शंभरातले चौदा’ मग ओट्यावरून साऱ्या गावात गेलं. आबा ते प्रसादासारखं वाटायचे. “चौदाच्या खाली जाणार न्हाई. माझ्या सुनंनं मशिनीवर काढलंय. लिहून देतो!” माणसं मान डोलवायची, आणि स्वयंपाकघरात संयोगिताच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हा आकडा पार कवठे महांकाळच्या माळापर्यंत गेला, बनुबाईच्या कानावर.

बनुबाईची मेंढरं वर्षानुवर्षं आबांच्या रानात बसत आली होती. ऊस तुटून गेला की ती आणि तिचा मुलगा सिद्धू कळप घेऊन यायची, मोकळ्या रानात जाळीचं वाघर लावून मेंढरं रात्रभर बसवायची, आणि लेंड्यांनी रान काळं करून पुढं जायची. बदल्यात धान्य, आणि शालूबाईंच्या हातची भाकरी. यंदा ती आली ती मेंढरांशिवाय. गुडघे गेले, सिद्धू टेम्पो चालवायला लागला, मागं फिरायला कुणी उरलं नाही, म्हणून कळपच विकून टाकला होता. ती ओट्यावर बसली तरी डोळे रानाकडे जात होते. सिद्धूची लेक सोनिया मिरजेला नर्सिंग शिकत होती. तिचं शिक्षण आणि आपलं म्हातारपण, दोन्ही त्या कळपावरच निघायचं होतं.

“सायेब,” ती आबांना म्हणाली होती, “मला बाजार कळत न्हाई. मेंढरू कळतं. रोगाच्या वर्साला किती मरत्यात एवढं मला ठावं असतंय, म्हणून मी भीत न्हाई. तुमच्या ह्येच्यात रोगाचं वरीस आलं तर किती मरत्यात?”

“शंभरात चौदा,” आबा म्हणाले. “ईचार की पोरीला.”

बनुबाईनं संयोगिताकडे पाहिलं. संयोगिता हसून म्हणाली, “हो मावशी. चौदाच.”

“चौदा मला सोसतील,” बनुबाई म्हणाली. “नातीची फी कंच्या बी महिन्यात येऊ दे, चौदा सोसतील.”

उद्या, अवस संपल्यावर, कळप विकून आलेलं तिचं सगळं बाजारात जायचं होतं.

आणि आज बाजार पडला.

दुपारी बाजार बंद झाला तशी चप्पल फटकारत भाऊसो आले. भाऊसो म्हणजे आबांच्याच पलटणीतले हवालदार. आबांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेली, त्यामुळं त्यांची चेष्टा करायचा हक्क गावात फक्त त्यांना.

“सुभेदार, वाटूळं झालं की वो! मोबाईल बघवंना. सगळं तांबडंलाल.”

“आज अवस हाय,” आबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

“अवस हाय ती मला बी म्हाईत हाय. सकाळपास्नं बायकूनं दाढी करू दिली न्हाई.”

“मग? आज आपलं काय न्हाई. आज घेतलं का? न्हाई. विकलं का? न्हाई. मग कशाला भितोस? हवालदाराचं काळीज हाय का कोंबडीचं?” आबांनी हाक मारली. “सूनबाई! ह्येला जरा मशिनीवर दाव, म्हंजी झोप लागंल.”

संयोगितानं पदर सावरला, लॅपटॉप ओट्यावर आणला आणि प्रोग्रॅम चालवला. आजचे बंद भाव आपोआप आले, आलेख पडद्यावर उमटला. निळी रेघ डोंगर चढावी तशी वर जात होती. भाऊसोंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“आजचं कुठाय ह्यात?”

खरंच, रेघ कालच्या तारखेला थांबली होती.

“आरं, आज अवस न्हवं का!” आबा खूश होऊन म्हणाले. “अवस त्यात धरलीच न्हाई. काय शिस्तीत केलंय बघ पोरीनं.”

भाऊसो मोठ्यांदा हसले. “ब्येस हाय की! मग माझ्या मोबाईलला बी कुणीतरी सांगा, बाबा, आज अवस हाय, तू काय बी धरू नगंस. त्यो लेकाचा धरून बसलाय.”

आबाही हसले. संयोगिता हसली नाही. ती रेघेच्या टोकाकडे बघत राहिली.

चहा झाला, भाऊसो गेले, आबा पान लावायला आत गेले. संयोगितानं लॅपटॉप उचलला आणि माजघरात पाट घेऊन बसली.  तिनं प्रोग्रॅम उघडला आणि एकेक ओळ वाचत खाली आली. पहिल्यांदा रोजची चढ-उतार काढलेली. त्यानंतर ती ओळ: या तारखा काढून टाक. त्यानंतर गुणाकार.

तिनं पुन्हा वाचलं. मग डोळे मिटून घेतले.

अवसेला आबा काही घेत नव्हते, विकत नव्हते. पण आधी घेतलेले शेअर त्या दिवशीही त्यांच्या नावावरच होते. ते काही कुणी घरी आणून फडताळात ठेवले नव्हते. बाजार अवसेला उघडा असतो, पडतो, उठतो, आणि जे पडतं ते पडतं. तिनं व्यवहार काढायचे सोडून दिवसच काढले होते. पंधरा वर्षांतल्या प्रत्येक अवसेला जे गेलं आणि जे आलं, ते तिच्या हिशोबात कधी झालंच नव्हतं. रात्री लांडगा येऊन गेला, आणि सकाळी मेंढरं मोजायचीच नाहीत असं ठरवून कळप जसाच्या तसा आहे म्हणायचं, तसं झालं होतं.

कदाचित फार फरक नसेल, असं ती मनाशी म्हणाली. काही अवसांना बाजार चढलाही असेल की. देवाचं नाव घेतलं, ती ओळ बदलली. अवसेला यादी बदलायची नाही, पण घेतलेलं त्या दिवशीही धरायचं. प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

वर्षाचा परतावा फारसा हलला नाही. तिचा श्वास खाली आला. मग तिनं सगळ्यात वाईट महिन्याची ओळ वाचली.

शंभरातले सव्वीस.

कुठला महिना ते बघायची तिला गरजही नव्हती. कोरोनाची टाळेबंदी लागली तो मार्च. त्या सोमवारी दुपारी अवस लागली होती आणि मंगळवारी दुपारी सुटली होती; तिनं दोन्ही दिवस काढले होते. आणि त्याच सोमवारी बाजार असा कोसळला होता की मध्येच व्यवहार थांबवावे लागले होते. साऱ्या देशानं बघितलेला तो दिवस तिच्या हिशोबात नव्हता, कारण तो आपला नव्हता.

 ओट्यावर बसणारी ती माणसं एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे आली. सगळ्यांनी ‘चौदा’ ऐकून पेन्शनीतलं घातलं होतं. आणि उद्या बनुबाई. तिनं देवघराकडे पाहिलं. दिवा लागायला अजून बराच अवकाश होता. परसात ऊन होतं, शालूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. दिवा लागला की बोलायचं, तिनं ठरवलं. तोवर काही बिघडत नाही. उद्या सकाळपर्यंत कुणी काही घेणार नाही. दिवा लागला की आबांच्या पायांशी बसायचं आणि सांगायचं. कसं सांगायचं, ते मात्र सुचत नव्हतं. ज्या माणसानं ‘लिहून देतो’ म्हटलंय, त्याला सांगायचं की तुमचा शब्द खोटा, आणि तो मी खोटा केला.

पान लावून आबा पुन्हा ओट्यावर येऊन बसले होते; तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. परसातल्या शेंगांचा आवाज थांबला. शालूबाई हातातलं सूप तसंच धरून दारात आल्या.

“सिद्धूचा हाय,” आबा म्हणाले, आणि सूप खाली आलं. “तोंडं दाखवायचा फोन. बोल रं सिद्धू! व्हय, आईला दे.”

पडद्यावर बनुबाईचं कुंकू आणि अर्धं कपाळ आलं. तिला फोन कुठं धरायचा ते कळत नव्हतं.

“सायेब, टीव्हीवर सांगत्यात बाजार लय पडला. सिद्धू म्हणतोय थांबू या.”

“सिद्धूला टेम्पो चालवू दे. पडला म्हंजी स्वस्तात मिळतंय.”

“तसं न्हवं. मला पडण्याचं काय न्हाई. चौदा म्हणला हुता, ते तेवढंच हाय न्हवं? त्यात काय वाढलं न्हाई न्हवं?”

“कसं वाढंल? मशिनीवर काढलंय.”

“मग पोरीला ईचारा एकदा.”

“तिचं आज मौन हाय, बनुबाई.”

“ठावं हाय की मला. बोलू नगंस म्हणावं. नुसती मान हलीव म्हणावं, मी बघते हितनं.”

आबा माजघराच्या दारात आले. त्यांनी फोन हात लांब करून संयोगितासमोर धरला, आणि स्वतः चष्म्याच्या वरून, फोन सरळ धरलाय ना, एवढंच बघत राहिले. “सूनबाई, बनुबाईला सांग. चौदाच न्हवं?”

मान हलवायची सवलत होती. खोटी मान हलवायची नव्हती. संयोगितानं मान आडवी हलवली, सावकाश, एकदा, दोनदा.

“आडकलंय,” पडद्यातून बनुबाई म्हणाली. “नुसतंच चित्र उभं हाय. हलली का?”

आबांची नजर सुनेवर नव्हतीच. “हलीवली, हलीवली. मी हितं हुभा हाय न्हवं? उद्या सकाळी बाजार उघडला की सिद्धूनं माझी यादी लावून टाकायची.”

“बरं मग,” बनुबाई म्हणाली. “तिनं हलीवली तर मग बरं.”

संयोगितानं आबांचा हात धरला. या घरात आल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. आबा दचकले.

जयराजचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, नाकापर्यंत लोकरी टोपी ओढलेला. बर्फ आला. दिवसभर न बोललेला आवाज बाहेर आला तो तिलाच परका वाटला.

“नाही मावशी. चौदा नाही. माझी चूक झाली.”

दारातून शालूबाईंचा आवाज आला, “अगं!” एवढाच. सुपातल्या शेंगा फरशीवर सांडल्या.

“कोण बोललं?” बनुबाई विचारत होती. “पोरीचाच आवाज व्हय ह्यो? आगं, तुझं मौन हुतं न्हवं?”

“सव्वीस आहेत, मावशी. अवसेचे दिवस मी हिशोबातून काढले होते. ते काढायचे नव्हते. शंभरातले सव्वीस गेले असते, एका महिन्यात.”

 मग बनुबाई हळू आवाजात म्हणाली, “फोनवरचं मला कळत न्हाई बाई. आणि तू रडतीस का काय त्ये बी दिसंना. तू हितं ये. समोर बसून सांग. तू येईपत्तूर सिद्धू कशाला हात लावणार न्हाई.”

“येते, मावशी. उद्या येते.”

“ये. आणि भिऊ नगंस.”

फोन बंद झाला. आबांनी तो खिशात घातला नाही, हातातच धरून ठेवला.

“सव्वीस?”

“होय आबा.”

“दुप्पटच म्हण की जवळजवळ.”

“होय.”

“मला आधी सांगायचं न्हवतं?”

“आत्ताच कळलं. दिवा लागल्यावर सांगणार होते. तुम्ही फोन समोर धरलात.”

आबांच्या मानेवरची शीर उभी राहिली. त्यांचा आवाज चढला की समोरच्या गल्लीतली कुत्री गप्प बसत, आणि संयोगिता तो चढण्याची वाट बघत भिंतीला टेकून उभी राहिली. पण तो चढला नाही. आबा दारातल्याच खुर्चीवर बसले आणि लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, “मी सांगितलं हुतं, दिवस काढ म्हणून.”

“तुम्ही घ्यायचं-विकायचं नाही म्हणत होतात. मी दिवसच पुसून टाकले. मला कळायला हवं होतं.”

“त्यांना काय सांगू मी?” आबा म्हणाले. ते तिला विचारत नव्हते. “ओट्यावरचा पांडबा परवाच पैसं घालून बसलाय. भाऊसो तर... भाऊसो हसंल. हसंल आणि मग घरी जाऊन जेवणार न्हाई. मी वळखतो न्हवं त्याला. लिहून देतो म्हणालो हुतो मी.” त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. सुभेदार भ्यालेले तिनं पहिल्यांदा पाहिले, आणि ते बघून तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आजवर ती भीत होती ती त्यांच्या रागाला. राग नसला की काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

 शालूबाईंनी शेंगा गोळा केल्या, पाय धुतले आणि देवघरात जाऊन बसल्या. तिन्हीसांजेला दिवा त्यांनीच लावला, सुनेला बोलावलं नाही. संयोगिता उंबऱ्याशी जाऊन बसली.

“आत्या,” ती म्हणाली.

“किती येळ राह्यला हुता गं?” शालूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “येवढासा. म्या पोराच्या येळंला पोटात कळा येत हुत्या तरी दिवा लागंपत्तूर ओठ उघडला न्हवता.”

“मी होकाराची मान हलवली असं बनुमावशी समजल्या असत्या, आत्या.”

“समजंना का. सांजच्याला पुन्ना फोन करून सांगितलं असतंस.” मग त्यांचा आवाज मोडला. “त्यो कुठं हाय ह्येच म्हाईत न्हाई आणि तू...”

 सांजच्याला फोन करता आला असता, हे खरंच होतं. संयोगितानं ते फोनसमोर असतानाही जाणलं होतं का? तिला आठवेना. तिला एवढंच आठवत होतं की बनुबाई ‘तिनं हलीवली तर मग बरं’ म्हणाली, आणि ते ‘बरं’ एक क्षणभरसुद्धा तसं राहू देणं तिला झालं नाही. पण देवाला हे कसं दिसलं असेल? व्रत मोडलं असंच ना? बर्फात उभ्या असलेल्या माणसाच्या नावानं धरलेलं व्रत. तिनं माळ घेतली आणि शालूबाईंच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, जप करत राहिली. फोन दोघींच्या मधे जमिनीवर होता. तो वाजला नाही.

सकाळ झाली ती धुक्याची. तुळशीपुढं हात जोडताना तिच्या तोंडून नेहमीचं मागणं निघेना. ती नुसतीच उभी राहिली, मग पाणी घातलं आणि आत आली. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरून कुणीतरी कट्ट्यावर ठेवलेली होती. शालूबाई चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. संयोगिता पाया पडली. शालूबाईंनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागं घेतले नाहीत.

“विट्यावरनं जा,” त्या म्हणाल्या. “सांगलीच्या गाडीला गर्दी असती.”

आबा ओट्यावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर टोपी. अजून कुणी आलेलं नव्हतं. थोड्याच वेळात सगळे येणार होते, आणि रोजच्यासारखं ‘काय हुकूम, सुभेदार?’ म्हणणार होते. त्यांच्या शेजारी कपात चहा तसाच होता, साय धरलेला.

“चाललीस?”

“होय आबा.”

“तिला सांग, चौदा मी म्हणालो. तू न्हाई. मी.”

“मीही म्हणाले होते, आबा. मला तिनं विचारलं होतं.”

आबांनी मान हलवली. आणखी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण तेवढ्यात गल्लीच्या टोकाला भाऊसोंच्या चपलेचा फटकारा ऐकू आला. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

संयोगितानं फोन पाहिला. कुणाचं काही आलं नव्हतं. तिनं तो पिशवीत भाकरीशेजारी ठेवला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि फाटकाची कडी आवाज न करता काढली. धुक्यात एसटी स्टँडवरची गाडी दिसत नव्हती, नुसता इंजिनाचा आवाज येत होता. तिकडं ती चालायला लागली.